शाळेची तूट कुणाच्या पदरात?

खानदेशात ‘मिशनची शाळा’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. मोठी इमारत, आखीव मैदान, प्रवेशासाठी पालकांची झुंबड आणि त्याला साजेशी फी. त्यामुळे चर्चच्या शाळांना पैशाची चणचण भासत असेल, ही गोष्टच अनेकांना पटत नाही. पण ते चित्र शहरातल्या मोजक्या, जुन्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या शाळांचे आहे. त्याखेरीज दुसरा एक प्रकार आहे. एखादी लहानशी मंडळी आपल्या सभासदांच्या मुलांना आपल्या श्रद्धेच्या वातावरणात शिकता यावे म्हणून चर्चच्या आवारात चार-पाच खोल्यांची शाळा काढते आणि ती वर्गणी, अर्पण व माफक फी यांवर चालवू पाहते. अशा शाळा जगभर काढल्या गेल्या आणि जगभर अडचणीत आल्या. त्या अडचणीचे खापर सहसा कारभाऱ्यांवर फुटते. खजिनदाराने नीट लक्ष घातले नाही, पंचांत एकी नव्हती, पालकांनी फी थकवली, असे सांगितले जाते. ही कारणे काही ठिकाणी खरी असतीलही; पण ती मूळ कारणे नव्हेत. सभासदांच्या मुलांपुरती शाळा तिच्या घडणीमुळेच तुटीत चालते. कारभार चोख असला तरी ती तूट उरते आणि कोणीतरी ती भरतच असतो. बहुतेक वेळा तो असतो शाळेचा शिक्षक. म्हणून पैसा कुठून आणायचा याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: ही तूट आज कुणाच्या पदरात पडते आहे?

हे समजायला हिशोब मांडून पाहावा लागतो. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान, महामार्गावर नशिराबाद आहे. धरून चला, की जळगाव, नशिराबाद आणि भुसावळ या टापूत विखुरलेल्या एका मंडळीची चाळीस कुटुंबे आहेत आणि पहिली ते आठवीच्या वयाची त्यांची पन्नास मुले आहेत. शाळा मधल्या गावात, नशिराबादला काढायची ठरली. पन्नास मुले आठ इयत्तांत विभागली की एका इयत्तेत सहा-सात मुले येतात. शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गाला किमान एक, म्हणजे तीन शिक्षक सांगितले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या, तरी मोजपट्टी म्हणून हे प्रमाण वाजवी आहे. याहून कमी शिक्षकांत आठ इयत्ता शिकवणे म्हणजे मुलांवर अन्याय. तेव्हा शिक्षक झाले पाच. त्यांना शासन शिक्षणसेवकाला देते तेवढेच, म्हणजे २०२३ पासूनचे दरमहा १६,००० रुपये मानधन दिले, तरी महिन्याला ८०,००० आणि वर्षाला ९,६०,००० रुपये लागतात. एका मुलामागे १९,२०० रुपये. यात इमारत, वीज, फळे-खडू, शिपाई, लेखनिक, मुलांची ने-आण काहीच धरलेले नाही. आणि नियमित प्राथमिक शिक्षकाची सातव्या वेतन आयोगातली सुरुवातीची श्रेणी दिली, म्हणजे मूळ वेतन २९,२०० आणि त्यावर निम्म्याने महागाई भत्ता धरला, तर एका शिक्षकाचे ४३,८०० होतात. पाच जणांचे वर्षाला २६,२८,०००, आणि एका मुलामागे ५२,५६० रुपये. आता मंडळीची बाजू पाहू. चाळीस कुटुंबांचे सरासरी मासिक उत्पन्न २०,००० रुपये धरले आणि प्रत्येकाने दशांश अगदी काटेकोर दिला, तर जमा होतात ८०,००० रुपये. म्हणजे मंडळीचा सगळाच्या सगळा दशांश शिक्षणसेवकाच्या दराने पाच शिक्षकांवर खर्च होतो. पाळकांचा पगार, उपासनामंदिराची डागडुजी, आजाऱ्यांना आणि विधवांना मदत यांसाठी एक पैसाही उरत नाही.

या हिशोबातून नियम निघतो तो असा, की शाळेचा खर्च मुलांच्या संख्येपेक्षा वर्गांच्या संख्येवर ठरतो. वर्गात सात मुले असोत की पस्तीस, शिक्षक एकच लागतो. याच शाळेत पन्नासऐवजी दीडशे मुले आली, तर वरच्या प्रमाणानुसार सात शिक्षक पुरतात; १६,००० च्या दराने वर्षाचे १३,४४,००० होतात आणि एका मुलामागचा खर्च ८,९६० वर येतो, म्हणजे निम्म्याहूनही खाली. मुले तिप्पट झाली, पण शिक्षक दीडपटही वाढले नाहीत. ज्या शाळेची मुले एका मंडळीच्या कुटुंबांपुरती मर्यादित आहेत, तिला संख्येचा हा फायदा कधीच मिळत नाही. शासनाच्या भाषेत ज्याला पटसंख्या आणि तिच्यावरून शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता म्हणतात, त्यामागेही हेच गणित आहे. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा असल्याचे २०२३ मध्ये पुढे आले, तेव्हा त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार शिक्षण विभागाने मांडला, आणि त्यासाठी नमुना म्हणून दाखवली गेली ती आपल्याच खानदेशातली, नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळची शाळा. त्या धोरणाला विरोध झाला आणि तो रास्तही होता, कारण सातपुड्यातल्या पाड्यावरच्या मुलाला दूरची शाळा म्हणजे शाळाच नसणे. पण जिच्यामागे राज्याची तिजोरी आहे त्या यंत्रणेलाही लहान शाळा जड जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. मग चाळीस कुटुंबांच्या मंडळीला ती जड गेली, तर त्यात कुणाच्या निष्ठेचा दोष काढता येत नाही.

वर्षाच्या एकूण जमाखर्चाइतकाच पैसा कोणत्या महिन्यात येतो हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि खानदेशात तो फार टोकदार होतो. शाळा जूनमध्ये सुरू होते. वह्या-पुस्तके, गणवेश, प्रवेश फी सगळे त्याच महिन्यात येते. शेतकऱ्याच्या घरात तोच महिना बियाणे आणि खतांचा असतो, आणि हातात रोकड सर्वांत कमी असते. कापूस वेचणीला येतो दिवाळीच्या आगेमागे, आणि त्याचे पैसे घरात येईपर्यंत डिसेंबर-जानेवारी उजाडते. मराठी मंडळ्यांत कापणीचा सण होतो तेव्हा लोक आपापल्या शेतातले धान्य, भाजी, केळीचा घड, कोंबडी वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एखादा घड बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो, कारण बोलणारा केळी विकत घेत नसतो, दान देत असतो. त्या दिवशी मंडळीची पेटी भरते. पण शिक्षकाचा पगार दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा असतो, वर्षातून एकदा नव्हे. जूनपासून दिवाळीपर्यंतचे पाच महिने कसे काढायचे, ही अशा शाळेच्या खजिनदाराची खरी विवंचना असते, आणि त्या काळात ‘पुढच्या महिन्यात एकदम देऊ’ हे वाक्य शिक्षकाला ऐकावे लागते. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात आणखी एक अडचण आहे. नोकरदार कुटुंबांचे उत्पन्न नियमित, म्हणून वर्गणीचा भार बहुधा त्यांच्यावर. पण दोन-तीन कुटुंबांची एकदम बदली झाली की वर्गणीही जाते आणि मुलेही जातात. वर्ग मात्र तेवढेच राहतात.

मग पूर्वी अशा शाळा चालत कशा होत्या? याचे उत्तर खानदेशाच्या इतिहासातच आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्या सुमारास पूर्व खानदेशात आणि लगतच्या वऱ्हाडात क्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी संस्थेचे काम भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, अकोला या भागांत रुजत होते, तर पश्चिम खानदेशात नवापूर-नंदुरबारच्या बाजूला स्कँडिनेव्हियन मिशने भिल्ल आणि मावची वस्त्यांत काम करत होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांत शेकडो मुले अनाथ झाली आणि त्यांच्यासाठी निघालेल्या अनाथालयांना जोडून शाळा उभ्या राहिल्या. या शाळांचा खर्च इथल्या मंडळीने केलेला नव्हता. तो समुद्रापलीकडच्या मंडळ्यांनी केला होता. इथल्या सभासदाला शाळा फुकट मिळाली, आणि शाळेला किती पैसे लागतात हे त्याला कधी कळलेच नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परतले आणि संस्था स्थानिक हातांत आल्या. परदेशी देणग्यांवर १९७६ मध्ये कायदा आला, २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणेच बंद केले. मध्यवर्ती संस्थेने पैसा घ्यायचा आणि गावोगावच्या लहान शाळांना वाटायचा, हा जुना मार्ग त्यामुळे खुंटला. इमारती वारशात मिळाल्या, त्या चालवणारा पैसा मात्र मिळाला नाही.

बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या शाळेचे काय होते, याचा धडा महाराष्ट्राला फार आधी मिळाला होता. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र झाले. मुंबईत मुलींची शाळा त्यांनी १८२४ मध्येच काढली होती. पुढे सिंथिया फॅरार यांनी अहमदनगरमध्ये मुलींच्या शिक्षणाचे मोठे काम केले. १८५४-५५ मध्ये मूळ संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी इथे आले. मंडळीने स्वतःच्या खर्चाने उभे राहावे, स्वतःचा कारभार पाहावा आणि स्वतःच वाढावे, हा त्यांचा विचार होता. त्या विचाराने त्यांनी शाळांचा खर्च आवरायला लावला; इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली आणि गावोगावच्या मंडळीतल्या मुलांना मराठीतून साधे शिक्षण देणाऱ्या शाळांवर भर आला. अँडरसन यांच्या तत्त्वात एक मोठे सत्य होते: जी शाळा मंडळीला परवडत नाही ती मंडळीची नसते, देणाऱ्याची असते. पण त्यांच्या निर्णयाची किंमतही होती. देणाऱ्याने ठरवले आणि इथल्या मुलांपुढची इंग्रजीची वाट बंद झाली. नोकऱ्यांची दारे त्याच भाषेतून उघडत असताना ती बंद झाली. पुढे काही दशकांत अहमदनगरला मिशनचे हायस्कूल पुन्हा उभे करावे लागले. पैसा ज्याच्या हातात, अभ्यासक्रम त्याच्या हातात, हे १८५५ मध्ये जितके खरे होते तितकेच आजही आहे.

पंडिता रमाबाईंना हे पुरते ठाऊक होते. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेत स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. १८८९ मध्ये सदन सुरू झाले आणि दहा वर्षांची मुदत त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्या दिवसापासून होती. मुदत संपल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मुदत संपण्याआधीच शोधायला घेतले. केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. पुढे दुष्काळातल्या मुली तिथे आल्या तेव्हा त्यांना राहायला जागा होती, पोटापुरते पिकत होते आणि शेती, विणकाम, छपाई असे हाताला काम होते. रमाबाईंनाही बाहेरच्या देणग्या लागल्याच. पण देणगीची मुदत असते आणि संस्थेला मुदत नसते, हे त्यांनी ओळखले होते. आज ज्या मंडळ्यांकडे मिशनच्या काळातल्या जागा आहेत त्यांनी हा धडा उलटा गिरवलेला दिसतो. तूट आली की जागेचा एखादा तुकडा विकायचा आणि वर्ष काढायचे. जमीन उत्पन्न देण्यासाठी असते. ती विकून पगार दिला तर पगार एका वर्षाचा होतो आणि जमीन कायमची जाते.

बाहेरच्या पैशाखेरीज आणखी एक आधार या शाळांना होता, पण तो कधी जमाखर्चात लिहिला गेला नाही. तो म्हणजे जवळपास फुकट मिळालेले श्रम. याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांचे. तिथल्या बिशपांनी १८८४ च्या बाल्टिमोरच्या परिषदेत प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असे ठरवले आणि खरोखरच ते जाळे उभे केले. १९६५ च्या सुमारास या शाळांत पन्नास लाखांहून अधिक मुले होती. त्याच काळात तिथे सुमारे १,८०,००० नन होत्या आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येने नाममात्र वेतनावर शिकवत होत्या. पुढे नव्या नन येणे आटले, त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, खर्च वाढला, फी वाढली, मुले कमी झाली आणि शाळा एकेक करून बंद पडल्या. आज ती संख्या सतरा लाखांच्या आसपास आली आहे. लोकवस्तीतले बदल आणि इतर कारणेही होती. पण शाळा स्वस्त होती ती या बायकांनी आपले श्रम दिले म्हणून, हे त्या गेल्यावरच सर्वांच्या लक्षात आले. आपल्याकडे याच प्रश्नाची दुसरी बाजू २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि धर्मगुरू आपला पगार व्रतानुसार आपल्या संघाला देतात, म्हणून त्यांच्या पगारातून आयकर कापू नये, असे म्हणणे होते. पगार ज्याच्या नावे येतो त्याचे ते उत्पन्न, पुढे तो कुणालाही देवो, असे न्यायालयाने ठरवले. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्या खटल्याने एक गोष्ट उघड केली. अनेक शाळा आणि संघ शिकवणाऱ्यांच्या दान केलेल्या पगारावर उभे आहेत.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नन नसतात. तिथे ही जागा घेते पाळकाची बायको, नुकतीच डी.एड. झालेली सभासदाची मुलगी, निवृत्त झालेले गुरुजी, किंवा दुसरीकडे नोकरी न मिळालेला तरुण. त्यांना पगाराऐवजी ‘मानधन’ मिळते आणि कामाला ‘सेवा’ म्हटले जाते. स्वतःच्या मनाने केलेली सेवा थोर आहे, यात वाद नाही. पण व्रत घेतलेल्या ननला म्हातारपणी तिचा संघ सांभाळतो. या शिक्षिकेला कोण सांभाळणार? तिला भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि पगारवाढ मागितली तर श्रद्धा कमी पडल्याचा आरोप. महाराष्ट्रात १९७७ च्या खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या कायद्याने मान्यताप्राप्त शाळेतल्या शिक्षकाला ठरलेली वेतनश्रेणी मिळाली पाहिजे, मग शाळा अनुदानित असो वा नसो. हा नियम राज्यभर किती ठिकाणी कागदावरच राहतो हे शिक्षणक्षेत्रातल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून ‘आमची शाळा वर्गणीवर चालते’ हे विधान जरा खरवडून पाहावे. वर दिलेल्या हिशोबात ४३,८०० आणि १६,००० यांतला फरक दरमहा २७,८०० रुपयांचा आहे. १६,००० वर राबणारा प्रत्येक शिक्षक मंडळीला दरमहा तेवढी देणगी देत असतो. मंडळीतला कुठलाही श्रीमंत सभासद इतके देत नाही, आणि तरी देणगीदारांच्या यादीत त्या शिक्षकाचे नाव नसते.

यावर पहिले उत्तर येते ते अनुदानाचे. सरकारकडून घ्या की! १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना, त्यांत मिशनच्याही, चांगले लौकिक शिक्षण देत असतील तर अनुदान द्यावे हे तत्त्व मांडले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद ३० मध्ये अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आणि अनुदान देताना त्यांच्याबाबत भेदभाव करू नये असेही म्हटले. अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या किंवा पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, ही अनुच्छेद २८ ची अटही न्याय्यच आहे. अनुदान घेतल्याने श्रद्धा संपते, ही भीती त्यामुळे फारशी खरी नाही. हॉलंडमध्ये तर सरकारी आणि धार्मिक शाळांना समान निधी हे तत्त्व १९१७ मध्ये राज्यघटनेतच आले आणि ते आजवर टिकले. पण आपल्याकडे हक्क आहे तो भेदभाव न होण्याचा. अनुदान मिळण्याचा नाही. ज्यांना अनुदान आहे त्या मुख्यतः जुन्या शाळा. २००० नंतर महाराष्ट्रात ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळा निघाल्या, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द काढला, २०१६ पासून वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान सुरू झाले, आणि तेही मिळवायला शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागले. २०१२ च्या कायद्यानंतर नवी शाळा काढायची तर ती स्वयंअर्थसहाय्यितच. शिवाय अनुदान हे पटसंख्येवर आणि संचमान्यतेवर चालते, म्हणजे लहान शाळेचे मूळ दुखणे तिथेही तसेच राहते. आणि सरकारी पैसा धोरणाबरोबर हलतो. गोव्यात १९९० च्या सुमारास फक्त कोकणी-मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान असे ठरले, तेव्हा चर्चच्या शंभराहून अधिक शाळांनी इंग्रजी सोडून कोकणी माध्यम धरले; २०११-१२ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान मिळाले तेव्हा त्या परत फिरल्या, आणि त्यावरून राजकीय वादळ उठले. तो निर्णय बरोबर की चूक हा वेगळा विषय. इथे घेण्यासारखे एवढेच, की ज्यांच्या शाळांचे जाळे राज्यभर आहे त्यांनाही अनुदानाने दोनदा भाषा बदलायला लावली.

दुसरे उत्तर व्यवहारी वाटते. ज्यांची मुले शिकतात त्यांनीच पैसे द्यावेत. ज्यांना मुले नाहीत, ज्यांची मोठी झाली, ज्यांनी दुसऱ्या शाळेत घातली, त्यांनी का म्हणून भार उचलावा? फीचाच विचार केला तर हे उत्तर स्वतःचाच पराभव करते. वरच्या हिशोबातले १९,२०० रुपये सालमजुराने दोन मुलांसाठी भरायचे म्हणजे अडतीस हजार. ते तो भरू शकत नाही. तो मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवतो. मग मंडळीची शाळा मंडळीतल्या सुस्थित कुटुंबांची होते, पट आणखी घसरतो, फी आणखी वाढते. ज्या मुलांचे नाव घेऊन शाळा निघाली तीच आधी बाहेर पडतात. आणि तत्त्व म्हणून पाहिले तरी ते टिकत नाही. महाराष्ट्रात शिक्षण उभे राहिले ते ‘ज्याचे मूल त्याचा खर्च’ या न्यायाने नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बायकांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचे ठरले. त्या मुठी देणाऱ्यांची मुले त्या वसतिगृहात असतीलच असे नव्हते. अमळनेरच्या ज्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी १९२४ पासून शिकवले, तिथे प्रतापशेठजींच्या दातृत्वाचा आधार होता. शाळा हे समाजाचे काम मानले गेले, तेव्हाच खानदेशातल्या आणि देशावरच्या गरिबाघरची पोरे शिकली. मंडळी स्वतःला एक कुटुंब म्हणवते. तर कुटुंबात मुलांच्या पोषणाची वर्गणी फक्त आईबाप देत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो श्रद्धेतून येतो. पैशाचे गणित बरोबर असेल, पण मुलांना आपला विश्वास देणे हे मंडळीचे पहिले कर्तव्य. त्यासाठी तूट सोसावी लागली तर सोसू. या म्हणण्याला मान आहे. अल्पसंख्य समाजाच्या मुलाला वर्गात आपण एकटेच वेगळे आहोत असे वाटू नये, त्याच्या प्रार्थनेची कुणी थट्टा करू नये, ही पालकांची ओढ खरी आहे. पण ‘सोसू’ म्हणताना सोसणारा कोण हे सांगावे लागेल. सगळी मंडळी मिळून सोसणार असेल तर तो त्याग. एका शिक्षिकेच्या पगारातून परस्पर कापले जात असेल तर त्याला त्याग म्हणता येणार नाही. मुलांना विश्वास शिकवण्याचे जे ठिकाण आहे, तिथेच मजुराची मजुरी अडते हे मुले रोज पाहत असतील, तर ती त्यातून काय शिकतील याचाही विचार व्हावा. शिवाय श्रद्धा देण्याची साधने फक्त पूर्णवेळ शाळेतच नसतात. शब्बाथ शाळा, सुट्टीतली शिबिरे, घरची कौटुंबिक उपासना, आणि जळगाव किंवा भुसावळला शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलांसाठी एखादे वसतिगृह, यांचा खर्च शाळेच्या तुलनेत कितीतरी कमी असतो. पन्नास मुलांना गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवण्यासाठी पाच शिक्षक बाळगणे आणि पन्नास मुलांना बायबल शिकवण्यासाठी एक चांगला शिक्षक नेमणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी पहिले करावेच लागते असे नाही.

शाळा सर्वांना खुली केली तर? पट वाढेल, खर्च विभागला जाईल; पण मग ती आपली राहील का, असा प्रश्न येतो. खानदेशातच काय, देशभर जुन्या मिशन शाळांत बहुसंख्य मुले इतर धर्मांची असतात आणि तरी त्या शाळांचे वळण लोकांना ओळखू येते, कारण वळण शिक्षकांमुळे, शिस्तीमुळे आणि दुबळ्या मुलाला मिळणाऱ्या वागणुकीमुळे येते. हजेरीपटावरच्या आडनावांमुळे येत नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्या शाळेने आपले दार फक्त सभासदांच्या मुलांपुरते ठेवले असते तर महाराष्ट्राचे केवढे नुकसान झाले असते! अर्थात दार उघडताना प्रामाणिकपणा हवा. फीसाठी इतरांची मुले घ्यायची आणि त्यांना दुय्यम मानायचे, हे चालणार नाही. ती मुले आली की शाळा त्यांचीही होते, आणि पालक-शिक्षक संघात, फी ठरवताना त्यांच्या पालकांचा शब्द ऐकावा लागतो. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानेही तो अधिकार पालकांना दिलेला आहे.

तेव्हा नशिराबादच्या टापूतल्या आपल्या कल्पित मंडळीपुढे खरे तर तीनच रस्ते आहेत. सगळ्या सभासदांनी, मूल असो वा नसो, शाळेची तूट वाटून घ्यायची आणि शिक्षकाला कायद्याने ठरलेला पगार द्यायचा. किंवा शाळा सर्वांना खुली करून पट इतका वाढवायचा की गणित जुळेल. किंवा शाळा न काढता तोच पैसा आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृह आणि धर्मशिक्षण यांवर लावायचा. तिन्हींत कमीपणा कशातच नाही. चौथा रस्ता, म्हणजे शाळा लहानच ठेवायची, फीही कमी ठेवायची, वर्गणीही वाढवायची नाही आणि उरलेले शिक्षकाच्या पगारातून भागवायचे, हा सर्वांत जास्त वापरलेला रस्ता आहे आणि तोच बंद व्हायला हवा. तो बंद करायला फार मोठे काही लागत नाही. वार्षिक सभेत हिशोब वाचताना जमा आणि खर्च यांबरोबर तिसरा रकाना वाचावा: प्रत्येक शिक्षकाला नियमाने किती देणे होते, किती दिले आणि किती दिले नाही. न दिलेल्या रकमेचा आकडा मोठ्याने वाचला गेला की शाळेची खरी किंमत सर्वांना एकदमच कळेल, आणि ती द्यायची की नाही हे मंडळी उघड्या डोळ्यांनी ठरवू शकेल. जी मंडळी तो आकडा पाहून शाळा चालवण्याचा निर्णय घेईल, तिची शाळा टिकेल. जी तो पाहून शाळा बंद करून शिष्यवृत्ती देईल, तिनेही मुलांचे भलेच केलेले असेल. आकडा झाकून ठेवणारी मंडळी मात्र मुले आणि शिक्षक दोघांचेही देणे लागते.